वजा ळ, अधिक य

मे महिन्यात फैजपुरात दिवसा कोड लिहिणं नको वाटतं.
लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडतो,
म्हणून मी रात्री अकरानंतर गच्चीवर,
पाण्याच्या टाकीला पाठ लावून.
टाकी अजून कोमट.

सदतीस मेल. त्यातले नऊ पॅच.
माऊस मी केव्हाच भाच्याला खेळायला दिला,
बोटांना तीन अक्षरं पुरतात :
ल म्हणजे लाव,
प म्हणजे परत पाठव,
थ म्हणजे थांब, उद्या बघू.
थ-च्या फोल्डरात दोनशे अकरा जण ताटकळलेत.
त्यांची माफी मागायला अजून कळ बांधलेली नाही.

ल दाबलं की मागे एक स्क्रिप्ट उठते,
बावीस ओळींची, माझ्याच हातची, जरा खडूस.
मेलमधला नमस्कार-चमत्कार सोलून टाकते,
टॅबच्या जागी कुणी स्पेस कोंबल्या असतील तर
तिथेच फतकल मारून बसते,
मग चारशे बारा चाचण्या चालवते
आणि सगळ्या पास झाल्या तर एकच शब्द छापते :
बरं.

पॅच कधी एकटा येत नाही.
वर तीन ओळी, खाली तीन ओळी, न बदललेल्या,
शेजारी सोबत घेऊन येतो.
जशी आम्ही अंधारात पाणी पिऊन येताना
आपापली गादी शोधतो :
हा मामाचा खोकला, ही सुलूची पैंजणं,
म्हणजे मधली रिकामी ती माझी.
शेजारी सरकले की स्क्रिप्ट म्हणते, जागा सापडत नाही.

सातवा पॅच यावलच्या टीकाराम फेगडेंचा.
केळीच्या ग्रुपात हिशेब लिहितात, कोड शिकले चाळिशीत.
यावल इथून अर्ध्या तासावर, पण मेल
तीन देश फिरून आला, मथळ्यात सगळे थांबे लिहिलेत.
विषय : शोधताना ळ आणि य एक धरणे.
खाली कारण :
"आमची कटाईची पोरं केयी लिहितात.
तुमच्या शोधाला केयी सापडत नाही, गाडी उभी राहते.
चूक पोरांची नाही."

मी थ दाबणार होते.

पुण्यात पहिल्या वर्षी, मेसच्या रांगेत,
मी डाय मागितली होती.
रांग ताटं वाजवून हसली.
त्या रात्री आरशासमोर मीच एक पॅच लावला जिभेला :
वजा य,
अधिक ळ.
कारण लिहिलं नाही.
चाचणी एकच, कुणी हसू नये.
पास झाली. अजून होते.

ल.

चारशे अकरा पास. एक नापास :
काय शोधलं, काळ सापडला.

मी फेगडेंना तेवढंच कळवलं. साडेबाराला उत्तर :
"ताई, आमच्या बोलण्यात ते दोन्ही एकच.
कोण बोलतंय, कशावर बोलतंय, त्यावरून समजतं.
पण तुमच्या यंत्राला कोण सांगणार.
दुसरी आवृत्ती पाठवतो, चहा होऊ द्या."

पावणेदोनला आली.
दोन्ही शब्द कोशात असतील तर आधी विचारावं,
नसतील तर मुकाट्यानं शोधून द्यावं.
एवढाच बदल. चार ओळी.
एका ओळीच्या शेवटी फालतू स्पेस होती,
ती मी हातानं पुसली, त्यांना सांगितलं नाही.

ल.

बरं.

नोंदीत आपोआप उमटलं,
लिहिणार : टीकाराम फेगडे. लावणार : मी.
मी काय लावलं ते मलाच दोनदा वाचावं लागलं.

पलीकडच्या गादीवर आई कुशीवर वळली :
"किती वेय जागशीन पोरी?"

मी शोधपट्टीत वेय टाकलं.
सापडला.

आठवा आणि नववा तसेच राहिले.
थ, थ.