अकरा जण, पाऊण तास

फोन आला: "वहिनी, सांवेर सोडलंय,
अकरा जण आहोत. काही करू नका हं."
काही करू नका म्हणजे काय करायचं,
हे मला एकतीस वर्षांपासून ठाऊक.

माळ्यावरचं पातेलं उतरवलं.
पाणी उकळत ठेवलं, वर चाळणी.
पोहे इथे परतत बसायचे नसतात,
वाफेवर आपले फुलतात,
तोवर कांदा चिरून होतो.
छाजेडांचा पोरगा सायकलवर पिटाळला:
"लौंगवाली शेव, अर्धा किलो. जिरावन विसरू नको, भिया!"

बडीशेप सापडली. हळद हाताशी.
अडलं फक्त मापाशी.
दीड वर्ष मी एका मुठीची बाई.
अकरांना किती मुठी?
हाताला आठवेना.
डबाच उपडा केला.

ते आले. जिना चपलांनी भरला.
उज्जैनचा उकाडा, रस्त्यातले खड्डे,
पहिली बशी संपेपर्यंत
ह्यांचं नाव कुणीच काढलं नाही.

मग मुळ्ये जिरावन भुरभुरत म्हणाले,
"बापू ह्यावर लिंबू पिळू द्यायचा नाही कुणाला.
म्हणायचा, शेव मरते."

क्षणभर सगळे गप्प.
मग लिंबाची वाटी फिरली,
सगळ्यांनी पिळलं.
मी दोनदा.