सोहारच्या खिडकीत बकुळ

सोहारच्या कचेरीत, चार नंबरच्या खिडकीमागे
झुवैनाबाई जन्माची नावं टाइप करतात.
मी काचेखालून कागद सरकवला.
त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं, हसल्या:
"बुकूल? म्हणजे मसूर, चणे, वाल?
पोरीचं नाव कडधान्य ठेवताय?"

मी म्हटलं, फूल आहे. एवढंसं. मातकट पांढरं.
झाडावर असताना कुणाचं लक्ष जात नाही,
खाली पडलं की वेचतात.
सुकलं तरी वास राहतो.
माझं अरबी बंदरावरचं: उचल, ठेव, हळू, उद्या.
सुकलेल्या वासाला त्यात शब्द नव्हता.
"लुबान?" त्यांनी विचारलं.
म्हटलं, धरून चाला.

शेवटचं अक्षर त्यांच्या कीबोर्डवर नव्हतं.
मी जीभ टाळूला वळवून दाखवली, ळ, ळ.
सुरक्षारक्षकानंही करून पाहिलं, जमेना.
रांगेतल्या मल्याळी नर्सला मात्र
पहिल्या फटक्यात आलं,
आणि ती पुन्हा आपल्या मोबाइलमध्ये गेली.

"हे नाव कुणाचं?"
"माझ्या बहिणीचं."
"अल्ला. कधी वारली?"
"वारली नाही. लग्न झालं."

ते समजावताना रांग वाढली.
ताटात तांदूळ पसरलेले,
भावजींनी अंगठीनं त्यात लिहिलं: सुनीती.
सासरी आधीच एक बकुळ होती, चुलतसासू.
थोरलीचं नाव घेऊन धाकटीला हाक कशी मारणार?
मी सात वर्षांचा. मला वाटलं, रेघोट्यांचा खेळ.
मग कुणीतरी तळव्यानं तांदूळ सारखे केले.
दुसऱ्या दिवशी त्यांचाच भात झाला असणार.
मीही जेवलो असेन.

झुवैनाबाईंचे हात कीबोर्डवर थांबले.
"आमच्यात नवरा येतो, राहतो, कधी जातो.
नाव आपलं आणि बापाचं. कबरीपर्यंत."
मिरवून नाही,
मासळीचा भाव सांगावा तसं म्हणाल्या,
आणि 'ल'चं बटण दाबलं.
बकूला. शिक्का. पुढचा.

त्यांना एक सांगायचं राहिलं.
बारसं आधीच झालं होतं, आमच्या दोन खोल्यांत,
पाळणा म्हणून कपड्यांची प्लॅस्टिकची टोपली,
खिडकीत एसीची घरघर.
कानात नाव सांगायचा मान आत्याचा,
आत्या गुहागरला.
व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं इथं बंद,
म्हणून साधा फोन, बैशा-बैशानं संपणारा.
तो मी बाळाच्या कानाशी धरला.
कुर्र्र आलं.
मग काहीच नाही.

एक मिनिट गेलं. दुसरं.
बायको खुणेनं विचारतेय, काय झालं?
लाइन तुटली असेल म्हणून
मी फोन माझ्या कानाला लावला.
तिकडे ताई,
जिला मी जन्मभर नुसतं ताई म्हटलं,
जिला तिची सून सुनीतीबाई म्हणते,
हळू आवाजात,
मास्तर हजेरी घेतात तशी, पूर्ण नावानिशी:
बकुळ भिकाजी मांडवकर.
थोडं थांबून पुन्हा.
आणि मग, आणखी बारीक आवाजात,
"हजर."

मी काही बोललो नाही.
फोन परत बाळाच्या कानाशी ठेवला.
बैसे जात राहिले.