डाव्या कानाने

एकोणीस वर्षं मी या शेडमध्ये
डोळ्यात तेल घालून जागलो.
हातांवरही तेल, सदऱ्यावरही,
कुटलेल्या यामच्या घासालाही डिझेलचाच वास.
बायको म्हणायची, आओन्दोना, दार वाजवू नकोस,
तुझ्या आधी तुझा वास येतो.

बेनुए नदीच्या काठी, मकुर्डीत,
अठरा खाटांचं आमचं प्रसूतिगृह.
सरकारी वीज येते तशी जाते,
चपला न काढताच निघालेल्या पाहुण्यासारखी.
ती गेली की मी.
अंधारात सत्तावीस पावलं,
डावीकडे कॉक, उजवीकडे चावी,
एक खोकला, दुसरा खोकला,
मग सगळी भिंत थरथरायची
आणि आत कुठेतरी म्बाकेरेन सिस्टर
थांबलेली कात्री पुढे चालवायची.

एवढंच माझं काम:
तो मधला अंधार लहान करणं.
एकदा तेहतीस सेकंदांत केला.
एकदा चाळीस मिनिटं लागली,
डिझेलमध्ये कुणीतरी पाणी मिसळलं होतं.
त्या रात्रीबद्दल मी बोलत नाही.

गेल्या मार्चमध्ये छपरावर पॅनेल चढली.
बसवायला जोसहून एक पोरगी आली, नानरेट.
तिने वहीत दोन रकाने पाडले.
इकडे लिटर, फिल्टर, बेल्ट, टँकरवाल्याची चिरीमिरी,
महिन्यामागून महिना, पान उलटून पुढे.
तिकडे एकदाच केवढा तरी मोठा आकडा
आणि खाली नुसती कोरी जागा.
"चौथ्या वर्षी फिटतं," ती म्हणाली.
आणि पावसाळ्यात?
"बॅटरी."
आणि बॅटरी म्हातारी झाली की?
तिने पेन चावलं. "आठ वर्षं जाईल, नीट वापरली तर."
माझं यंत्र एकोणीस वर्षांचं आहे, मी म्हणालो,
आणि त्याला कुणीही नीट वापरलेलं नाही.
ती हसली. मी हसलो नाही.
रकाने मात्र बरोबर होते. बेरीज मलाही येते.

पहिल्या रात्री वीज गेली तसा मी उठलो,
सत्तावीस पावलं, चावीला हात,
वळून पाहिलं तर खिडक्या उजळलेल्याच.
मधला अंधार कुणी मधल्यामध्ये गिळला होता.
मी हात मागे घेतला.
स्टुलावर बसलो.
शांततेत माणसं काय करतात?
बेडूक. नदी. व्हरांड्यात कुणाच्या तरी सासूचं पुटपुटणं.
मग एक बारीक, फाटका आवाज.
उजवा कान मी केव्हाच यंत्राला देऊन बसलोय,
डाव्याने ऐकला.
मला वाटलं, बेल्ट घसरतोय.
पण यंत्र तर बंद.
पळत गेलो. कुणाला लागलं? काय झालं?
सिस्टर दारात, कोपरापर्यंत ओली.
"मुलगी झाली," ती म्हणाली,
"आणखी काय होणार इथे?"

एकोणीस वर्षं माझ्यापासून वीस हातांवर
मुलं जन्मत होती.
ठाऊक होतं मला.
ऐकलं नव्हतं.

आता डिसेंबर. वाळवंटाकडून हरमॅटन सुटलाय,
सगळीकडे भुकटी, सूर्य ताकासारखा पातळ.
मी रोज शिडी लावतो,
ओल्या फडक्याने चौतीस काचा पुसतो.
खाली उतरेपर्यंत पहिली पुन्हा मळलेली.
गुडघे कुरकुरतात, त्यांना ग्रीस कुठून घालू?
परवा संध्याकाळी बॅटरीचा आकडा घसरत घसरत
लाल झाला. आत दोन बाया अडलेल्या.
सिस्टरने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

सत्तावीस पावलं.
एक खोकला.
दुसरा.
लागलं.

खरं सांगतो, भिंत थरथरली तेव्हा
मला बरं वाटलं,
दूरच्या गावाहून भाऊ यावा तसं.
मग आठवलं,
आणि मी तिथेच, धुरात,
डावा कान भिंतीला लावून
उभा राहिलो.