फोड

ती फोड, तो फोड.
व्याकरणात एवढाच फरक,
माझ्या अंगावर अर्ध्या तासाचा.

सासर अंबड रस्त्याला, चारशे झाडं.
आंबे बहाराचा माल दसऱ्याच्या आसपास अंगणात पडतो,
व्यापारी हाताला लागेल ती सोलून चाखतात,
थोरल्या जाऊबाई चहाऐवजी रस देतात
आणि मी सुजले ओठ पदरात घेऊन
आतल्या खोलीत.

"पित्त उठलंय, आमसूल लाव."
लावलं.
घोंगडं पांघरून बसले, भर उन्हात.
मग संभाजीनगरच्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या, हिस्टामिन.
परत म्हणा, मी म्हटलं.
बस बदनापूरला येईस्तोवर
तीनदा विसरले तो शब्द.

मोसंबी नको, संत्रं नको, पपई नको,
केळं डागाळलं की नको,
सकाळी चिरलेलं संध्याकाळी काहीच नको.
सफरचंद बघा. नासपती बघा.
बघा म्हणजे खाऊन बघा,
घड्याळ समोर ठेवून.

एकदा दिवाळीच्या तोंडावर घसाच आवळला.
दोन रात्री सरकारी दवाखान्यात.
भेटायला नणंद आली, भाचा आला,
शाळेतल्या टोम्पे बाई आल्या रिक्षा करून.
प्रत्येकाच्या हातात पिशवी.
आजाऱ्याला दुसरं काय न्यायचं असतं हो?
खाटेखाली अठरा किलो मोसंबी
आणि वर मी, तिच्यापायीच.
शेजारच्या खाटेवरची खातूनबी वाकून बघत म्हणाली,
"दुकान लगाई क्या बहन?"
हसताना ओठ तडकला.
मग तिनंच वाटली सगळी, वॉर्डभर,
आया, वॉचमन, एक टाके घातलेलं पोरगं.
रात्री सगळ्या वॉर्डाला एकच वास,
मी उशीत नाक खुपसून
थोडासा घेतला.
वासाचं यादीत काही नव्हतं.

आज लेक ओसरीवर बसलीय, सहा वर्षांची.
फोड उन्हात धरते, आतल्या बिया मोजते,
मग खाते.
रस मनगटावरून कोपरापर्यंत.
चार वाजून दहा मिनिटं.
मी तांदूळ निवडतेय, म्हणजे
ताट मांडीवर आहे.
साडेचार.
कोपराशी लाल दिसतं ते
चटईचं वळ.
चार चाळीस.
"आई, तू काय बघतीस गं सारखी?"
म्हणत तिनं
दुसरी सोलायला घेतली.