सात पॉइंट नऊ

रात्री पावणेतीनला पेठहून नळी आली.
निसारनं थर्माकोलचा डबा उघडला,
बर्फाचं पाणी टेबलभर झालं.
"जपून आणलीये, मॅडम.
सावळघाटात गाडीसुद्धा हळू घेतली."

यंत्रानं थेंब चाखला :
पोटॅशियम सात पॉइंट नऊ.

या आकड्याला माणूस उभा राहत नाही.
यशोदा भोये, वय बावन्न.
हात फोनकडे गेला, मग थांबला.
नळी उजेडात धरली. वरचं पाणी निर्मळ,
काढणीला आलेल्या थॉमसनसारखं पिवळसर,
लालीचा मागमूस नाही.
म्हणजे पेशी फुटलेली नाही.
मग हे आलं कुठून?

आत एकशेचाळीस, बाहेर चार.
कधीतरी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं.
सोडियमचा मुक्काम बाहेर, पोटॅशियमचा आत,
आणि उंबऱ्यावर एक पंप :
तीन बाहेर काढ, दोन आत घे,
तीन बाहेर, दोन आत,
तुम्ही झोपलात तरी, भांडलात तरी.
खाल्लेल्या भाकरीतली चतकोर तरी
नुसता हा फरक राखण्यात जाते.
त्या फरकावरच बोट हलतं,
काळीज आपली पाळी चुकवत नाही.

बर्फात पंप गारठला.
कुणी दार फोडलं नाही.
आतले आपले उठून बाहेर आले,
सिनेमा सुटल्यावर येतात तसे,
घाई नाही, गलका नाही,
बाहेरच्यांसारखे व्हायला.

सासूबाई म्हणायच्या, आता आमच्यासारखी हो.
झालेही असते.
रात्रपाळीनं वाचवलं.

साडेतीनला ॲम्ब्युलन्स लागली.
यशोदाबाई आपल्या पायांनी आत आल्या,
पाय सुजलेले, पण आपल्या पायांनी,
आणि चहा मिळेल का म्हणाल्या.
मी पुन्हा रक्त घेतलं,
नळी मुठीत धरून
दोन जिने चढले.

चार पॉइंट तीन.

निसारला म्हटलं, पुढच्या खेपेला बर्फ नको.
तो खट्टू झाला.
"मग जपायचं कसं?"

खाली गेटवर वॉचमन शेकोटीत पुठ्ठे सारत होता.
निफाडला चार अंश, म्हणाला,
जणू निफाड त्याच्या पोटच्या पोरासारखं.

रिपोर्टखाली मी लिहिलं :
पहिला नमुना थंडीत राहिला होता.
धरू नये.