राखण

येळ्ळूरच्या वाटेवर मोहरी फुललीय,
मी तिची राखण करतो.
पाखरांपासून नव्हे, बायकांपासून.
कोवळा पाला दिसला की हात जाणारच ओ.
"खुडू नका, हिच्यात शिसं आहे."
एक जण हसली, "मग पेरली कशाला?"

कशाला, ते विनुता हिरेगौडरनं सांगितलं,
धारवाडची पोर, गमबूट घालून वाफे मोजणारी.
ती मराठीत बोलता बोलता कानडीत शिरते,
मी कानडीत बोलता बोलता मराठीत शिव्या देतो.
चालतं.

म्हणाली, मातीनं शिसं मुठीत धरलंय.
मूळ ओढतं, खरं हाताला काही लागत नाही.
म्हणून ही पांढरी पूड पाण्यात कालवून ओतायची.
पुडीला नांग्या असतात, खेकड्यासारख्या,
चहूकडून धरून शिसं सोडवून आणतात
मुळाच्या दारापर्यंत.
मला लगेच पटलं.
भाताच्या बांधातली बिळं उकरत वाढलोय मी.
नांगी बसली की बसली,
तोडून काढली तरी बोट सोडत नाही.

खरं पूड जास्त झाली की नांग्या खाली उतरतात,
विहिरीच्या झऱ्याकडं.
काल रात्री ढग आले तर तिचा फोन,
"भरमाण्णा, उद्या ओतू नका."

इथं शेड होतं, जुन्या बॅटऱ्या फोडायचं.
बावीस वर्षं कुऱ्हाड माझ्या हातात.
मग पोटात कळा, हिरडीवर निळी रेघ,
दवाखान्यात पाच दिवस सलाईन.
बाटलीवर जे नाव होतं
जवळजवळ तेच या पोत्यावर आहे.
तेवढं इंग्रजी येतं मला.
नर्स माझी लघवी मापानं मोजायची
आणि मोरीत ओतायची.
मोरीतून गटारात, गटारातून नाल्यात,
आणि नाला, बघा, या शिवारावरूनच जातो.

पूड प्यायली की आठवड्यात मोहरी माना टाकते.
मग कापायची, वजन करायचं,
बंद भट्टीत जाळायची,
राख डब्यात, डब्याला कुलूप.
"अशी किती पिकं?" मी विचारलं.
तिनं वहीत आकडे मांडले,
मग वही मिटली.
"तुमचं वय किती?"
"एकसष्ट."
पुढं दोघंही बोललो नाही.

उद्या कापणी. हातमोजे दिलेत तिनं, निळे.
शेडात कुणी दिले नव्हते.

तिच्या नकाशात सगळ्या वाफ्यांना नंबर आहेत,
फक्त वायव्येचा कोपरा कोरा.
दिवस मावळला की तिथं आम्ही ॲसिडचं पाणी ओतायचो.
बांधापलीकडं बासमती निसवलेली असायची,
ओतताना तिचा वास यायचा.

आज बोट दाखवून म्हटलं,
"बाई, तिथली माती पण बघा."
"का?"
"तिथं गवत उगवत नाही," म्हटलं.
तेही खरंच आहे.