हवाई अंतर

तहसीन, तुझ्या तिकिटावर लिहिलंय एक तास दहा मिनिटं.
खालच्या कोऱ्या जागेत मी पेन्सिलीनं
माझा हिशोब मांडला:
सहा बुश, एक चहा.

गोकुळ शिरगावच्या आमच्या शेडमधनं
उजळाईवाडीची धावपट्टी दिसत नाही,
ऐकू येते. लेथ चालू असतानाही येते.
चाळीस वर्षं चकासमोर उभा राहिलेला कान
आपला आवाज कुठला, परका कुठला
पत्र्याआडनं ओळखतो.
हैदराबादचं विमान पंख्याचं. दोन पंखे,
त्यातला एक जरासा जड.
कुणाला सांगितलं तर हसतात. तू हसू नकोस.

किलोमीटर मोबाईलवर काढले.
कुठं चारशे चाळीस, कुठं चारशे पन्नास.
दहा किलोमीटरचा फरक!
आमच्याकडं केसाच्या दहाव्या हिश्शाला
माल परत येतो.
आणि म्हणे सरळ रेषेत.
त्या रेषेवर सोलापूरचा ढाबा नाही,
रात्री अडीचला बस थांबल्यावर
झोपेत चप्पल शोधणारे पाय नाहीत.
तुझ्या आजोबांनी जन्मभर सुऱ्या-कात्र्यांना धार लावली.
त्यांना आवडली असती ही रेषा.

शनिवारी पावणेचारला तू आलीस.
ऑगस्टचा ढग पार पत्र्यापर्यंत उतरलेला,
चित्रनगरीचा माळ पुसून गेलेला.
बुश चकात होता, वर आवाज झाला.
गेला. परत आला.
तामगावकडं वळला, कणेरीकडनं आला.
तिसऱ्या फेरीला हात चाकावरच राहिला
आणि डोळे वर गेले.
जॉब चाळीस मायक्रॉन खाली.
कुंभोजकर सुपरवायझर धावत आला,
दस्तगीरमामा, तुमच्याकडनं?
म्हटलं, लेक वर आहे.
त्यानं वर बघितलं. वर पत्रा होता.

तेवढ्यातही मोजलं मी, सवय वाईट:
ढगाच्या वर म्हणजे फार तर दीड किलोमीटर.
दीड वर्षात एवढी जवळ तू
पहिल्यांदाच.
घरापासनं केएमटीचा स्टॉप याहून लांब आहे.
फक्त हे अंतर उभं.
उभ्याला एसटी नाही.

मग आवाज पूर्वेला सरला,
बारीक होत गेला,
शेवटच्या कापानंतर हत्यार
जॉबवरनं सुटतं तसा.

सहाला घरी तुझा फोन. पोचले, अब्बा.
कुठं?
जिथनं निघाले तिथंच.
नऊशे किलोमीटर, पावणेतीन तास,
आणि अंतर शून्य.
पैसे परत मिळणार म्हणालीस.
रजा दोन दिवसांची, बसनं एक रात्र यायला, एक जायला.
राहू दे, मी म्हणालो.
हे म्हणायला एक सेकंद लागतो.
तुझ्या आईनं मटणाला हळद लावून ठेवलेली.
तिनं काही विचारलं नाही,
गॅस बारीक केला.

बिघडलेला जॉब भंगाराच्या पेटीत टाकायचा असतो.
तो मी खिशातनं घरी आणलाय,
टीव्हीशेजारी ठेवलाय.
दिसायला बाकीच्या पाचांसारखाच.
येशील तेव्हा हातात घेऊन बघ,
बोटाला काही कळणार नाही.
मोजलं तरच कळतं.